आंधळा गोबी आणि त्याची कोळंबी: फिरत्या मजकुरात काय काय चुकलंय

व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर एक छोटा व्हिडिओ वरचेवर येतो. त्याच्याखालचा मजकूर थोडक्यात असा: समुद्रात एक छोटासा मासा आहे, तो जन्मतःच आंधळा असतो. पिढ्यान्‌पिढ्या खोल काळोखात राहिल्यामुळे, डोळे न वापरल्यामुळे ते झडून गेले. त्या असहाय माशासाठी एक कोळंबी बीळ खणते, त्याचे डोळे होते, धोका दिसला की त्याला स्पर्शाने सावध करते. दोघं जन्मभर एकमेकांची साथ सोडत नाहीत, आणि एक गेला की दुसराही जगत नाही. निसर्गाकडून मैत्री शिकावी ती अशी.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोळंबीच्या बिळात राहणारा आंधळा मासा खरोखर अस्तित्वात आहे, शंभर वर्षांहून जास्त काळ माणसांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याचा अभ्यास केला आहे, आणि या मजकुरात त्या माशाचं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. त्याचं खरं आयुष्य या गोष्टीपेक्षा कितीतरी विलक्षण आहे, म्हणून एकेक विधान तपासून बघावंसं वाटतं.

सुरुवात व्हिडिओपासूनच करावी लागेल, कारण त्यात दिसणारा मासा आंधळा नाहीच. या मजकुरासोबत जे फिरतं ते बहुतेक वेळा पांढऱ्या वाळूतलं एक बीळ, त्याच्या तोंडाशी बसलेला पट्ट्यापट्ट्यांचा मासा आणि आतून वाळू ढकलत बाहेर येणारी कोळंबी, असं दृश्य असतं. चित्र थांबवून माशाचं डोकं बघा. डोक्याच्या अगदी वरच्या बाजूला दोन मोठे, टपोरे डोळे आहेत. हे पहारेकरी गोबी; गोबी म्हणजे बहुतेक तळाशी राहणाऱ्या छोट्या माशांचा एक गट. तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या उथळ, उबदार पाण्यात त्यांच्या शंभराहून जास्त जाती आढळतात. त्यांच्या सोबतची कोळंबी अल्फियस कुळातली, म्हणजे नांगी मिटताना टचकन आवाज काढणारी. या जोडीत नजर अधू असते ती कोळंबीची.

त्यांचं काम चालतं कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. कोळंबी नांग्यांपुढे वाळूचा ढीग लोटत बिळाबाहेर येते. बाहेर असेपर्यंत तिची एक लांब मिशी माशाच्या अंगाला, बहुधा शेपटीजवळ, टेकलेली असते. मासा बिळाच्या तोंडाशी बसून आजूबाजूला बघत असतो. एखादा मोठा मासा जरा जवळून गेला की गोबी शेपटी बारीकशी थरथरवतो. मिशीतून ती थरथर कळताच कोळंबी हातातलं काम टाकून मागे फिरते. धोका फारच जवळ आला तर गोबी थरथरवत बसत नाही, डोकं पुढे करून सरळ बिळात घुसतो, आणि कोळंबी त्याच्याआधीच आत गेलेली असते. मासा दाराशी नसेल तर कोळंबी सहसा बाहेर पडतच नाही. इलान कार्पलस यांनी तांबड्या समुद्रात या खुणांचा बारकाईने अभ्यास केला. इथे देवाणघेवाण खरी आहे, दोन्ही बाजूंनी आहे आणि अभ्यासकांनी ती नोंदलेली आहे. पण डोळे माशाचे आणि घर कोळंबीचं. मजकूर लिहिणाऱ्याने भूमिका उलट्या केल्या आणि मग या डोळस माशाला कुठल्यातरी भलत्याच माशाचं आंधळेपण चिकटवलं.

तो भलता मासा राहतो कॅलिफोर्नियात. शास्त्रीय नाव टायफ्लोगोबियस कॅलिफोर्निएन्सिस. व्हिएन्नाचे मत्स्यतज्ज्ञ फ्रान्झ श्टाइनडाखनर यांनी १८७९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मध्य कॅलिफोर्नियातल्या सॅन सिमियनपासून दक्षिणेला मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या मॅग्डालेना उपसागरापर्यंतचा किनारा, एवढाच त्याचा मुलूख. पहारेकरी गोबींच्या प्रवाळी समुद्रापासून हजारो किलोमीटर लांब, आणि पाणीही थंड. मोठ्यात मोठा मासा आठेक सेंटिमीटरचा. अंगावर खवले नाहीत, कातडी मऊ आणि फिकट गुलाबी. तो गुलाबी रंग कातडीतल्या रक्तवाहिन्यांतून दिसणाऱ्या रक्ताचा. डोळ्यांच्या जागी, कातडीखाली, दोन बारीक काळसर ठिपके. त्याला कोणी रंगीत प्रवाळाजवळ शोधायला जाऊ नये. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावर मोठमोठे धोंडे असतात, त्यांच्याखाली वाळू आणि खडी मिसळलेली असते आणि त्या खडीत बिळं असतात. तिथे तो सापडतो.

यातूनच ‘खोल काळोखात’ हा भागही निकालात निघतो. हा मासा खोल समुद्रातला नाही आणि गुहेतल्या नदीतलाही नाही. तो किनाऱ्यावरचा आहे. त्याच्या डोक्यावर एक धोंडा असतो आणि धोंड्यावर लख्ख ऊन पडलेलं असतं. काळोख आहे तो फक्त बिळापुरता. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण आंधळा मासा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैलभर खोल पाणी येतं, आणि मग पायाखालच्या धोंड्याकडे बघायचं राहून जातं.

आता ‘जन्मतःच आंधळा’. मजकुरातली सगळ्यात मोठी चूक मला ही वाटते, आणि माशाची सगळ्यात सुंदर गोष्टही नेमकी इथेच झाकली जाते. या गोबीची अंडी बिळातच घातली जातात. त्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लांना डोळे असतात, चांगले, काम करणारे डोळे. पिल्लं बिळात थांबत नाहीत. ती उघड्या पाण्यात जातात आणि इतर असंख्य माशांच्या पिल्लांसारखी प्लवकांत, म्हणजे पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक जिवांत, तरंगत वाढतात. तिथे उजेड असतो, तिथे भक्ष्य दिसावं लागतं आणि खायला टपलेला शत्रूही दिसावा लागतो. तो काळ संपला की पिल्लू किनाऱ्याकडे परततं, खडीतलं एखादं बीळ गाठतं आणि तिथेच वस्ती करतं. मग डोळ्यांची वाढ मागे पडते. अंग मोठं होत जातं, डोळे त्या मानाने खुजे राहतात आणि हळूहळू त्यांच्यावर जाड कातडी चढते. लहान माशात ते स्पष्ट दिसतात, पूर्ण वाढलेल्या माशात शोधावे लागतात.

म्हणजे एकाच जिवाच्या आयुष्यात डोळस पर्व आणि अंध पर्व अशी दोन्ही येतात. जन्मतःच आंधळा म्हणून टाकलं की हे सगळं एका शब्दात पुसलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधक या माशाच्या मागे लागले ते याच बदलामुळे. सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा भूशिराजवळच्या माशांवर रोझा स्मिथ यांनी काम केलं. अमेरिकेतल्या पहिल्या नामवंत महिला मत्स्यतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. १८८७ साली त्यांचं कार्ल आयगेनमान यांच्याशी लग्न झालं. आयगेनमान यांनी पुढे गुहांमधल्या आंधळ्या प्राण्यांवर बरीच वर्षं संशोधन केलं आणि त्यात किनाऱ्यावरच्या या गोबीलाही जागा दिली. १८९३ साली विल्यम रिटर यांनी या माशाचे डोळे, कातडी आणि कातडीवरचे संवेदनशील उंचवटे यांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. आज स्क्रिप्स म्हणून जगभर ओळखली जाणारी समुद्रविज्ञान संस्था उभी करण्यात ज्यांचा मोठा हात होता, तेच हे रिटर.

‘डोळे न वापरल्यामुळे झडून गेले’ हे विधान जरा सावकाश बघायला हवं, कारण ते अडाणीपणाचं नाही. खुद्द डार्विनने १८५९ साली गुहेतल्या आंधळ्या प्राण्यांबद्दल असंच लिहिलं होतं. काळोखात डोळे निरुपयोगी असले तरी अपायकारक कसे ठरतील हे त्याला सुचेना, म्हणून डोळे जाण्याचं कारण त्याने पूर्णपणे न वापरण्यावर टाकलं. त्या काळी आनुवंशिकतेची यंत्रणा कोणालाच माहीत नव्हती. आज ती माहीत आहे. एखाद्या प्राण्याने एखादा अवयव आयुष्यभर वापरला नाही, म्हणून त्याच्या पिल्लात तो अवयव लहान होत नाही. न वापरल्याची नोंद अंड्यात किंवा शुक्राणूत अशी उतरत नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापून पाहिल्या, तरी पिल्लं शेपटीसकटच जन्मत राहिली.

मग डोळे जातात कसे? डोळसपणा टिकवायला नैसर्गिक निवडीचा सतत दाब लागतो. डोळ्याच्या जडणघडणीत बिघाड करणारे जनुकीय बदल अधूनमधून होतच असतात. उजेडात राहणाऱ्या माशात असा बदल झाला की तो मासा लवकर मरतो आणि बदल त्याच्यासोबत जातो. काळोखात राहणाऱ्याला त्याचा काहीच तोटा होत नाही, म्हणून तो बदल वंशात टिकतो, आणि असे बदल साचत जातात. दुसरी बाजू खर्चाची. डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग हे ऊर्जा खाणारे अवयव आहेत. मेक्सिकोतल्या ॲस्टियानॅक्स या माशावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा खर्च मोजला गेला. एक ग्रॅम वजनाच्या लहान माशात दृष्टीचा खर्च विश्रांतीच्या वेळच्या एकूण ऊर्जेच्या सुमारे १५ टक्के निघाला, तर साडेआठ ग्रॅमच्या माशात सुमारे ५ टक्के. डार्विनला जे सुचलं नव्हतं ते हेच: निरुपयोगी डोळा फुकट पोसावा लागतो, आणि जिथे खाणं बेताचं तिथे हा भार जड जातो.

याच ॲस्टियानॅक्सवरचा आणखी एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. या माशाचे दोन प्रकार आहेत, नदीतला डोळस आणि गुहेतला आंधळा. २००० साली योशियुकी यामामोतो आणि विल्यम जेफरी यांनी डोळस प्रकाराच्या भ्रूणातलं नेत्रभिंग काढून गुहेतल्या आंधळ्या प्रकाराच्या भ्रूणात एका बाजूला बसवलं. त्या बाजूला डोळा वाढला, बाहुलीसकट. उलट, आंधळ्याचं भिंग डोळसाला बसवलं तेव्हा त्या बाजूचा डोळा खुजा राहिला. म्हणजे गुहेतल्या माशातही डोळा घडवण्याचं बरंचसं सामान शाबूत असतं, आणि तो घडायचा थांबतो त्याला भ्रूणातल्याच सूचना कारण असतात. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की ज्या जनुकीय संदेशामुळे डोळा खुंटतो, त्याच संदेशामुळे जबडा रुंद होतो आणि चव ओळखणाऱ्या कळ्या वाढतात. एका हाताने गेलं ते दुसऱ्या हाताने आलं.

हे प्रयोग ॲस्टियानॅक्सवरचे आहेत, गोबीवरचे नाहीत, आणि दोन्ही मासे नात्याने फार लांबचे आहेत. पण मजकुरातलं ‘न वापरल्यामुळे झडले’ हे कारण किती तोकडं आहे ते कळायला एवढं पुरेसं आहे. गोबीच्या बाबतीत तर ते आणखीच तोकडं पडतं. त्याच्या वंशात डोळे सरसकट गेलेले नाहीत. उघड्या पाण्यातल्या पिल्लाला ते लागतात म्हणून त्या वयात ते आहेत, आणि बिळातल्या वयासाठी त्यांची वाढ थांबते. निवडीने आयुष्याच्या एका टप्प्यावर डोळे राखले आणि दुसऱ्या टप्प्यावर सोडून दिले.

‘असहाय’ या शब्दाचा मला मनापासून राग येतो. या माशाच्या डोक्यावर आणि अंगावर स्पर्श आणि पाण्याची हालचाल टिपणारे उंचवटे आहेत, रिटर यांनी तपासले तेच. बोटाएवढ्या रुंदीच्या बिळात, जिथे दोन्ही बाजूंच्या भिंती अंगाला लागतात, तिथे याहून उपयोगी दुसरं काय असणार? शिवाय ओहोटीला बिळातलं पाणी साचून राहतं, त्यातला ऑक्सिजन संपत येतो. अशा पाण्यातही हा गोबी तग धरतो. १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत त्याची आणि त्याच्या काही डोळस नातेवाइकांची गुदमरण्याला होणारी प्रतिक्रिया मुद्दाम तपासली गेली, ती त्याच्या या चिवटपणामुळेच. धोंड्याखालच्या त्या जागेत डोळस, चपळ, देखणे कितीतरी मासे मरून जातील.

आता ‘मैत्री’. कॅलिफोर्नियातल्या गोबीचं बीळ खणते ती अल्फियस नव्हे. ती घोस्ट श्रिम्प, फिकट रंगाची, मऊ अंगाची, आयुष्यभर जमिनीखाली राहणारी. पूर्वी तिला कॅलियानासा ॲफिनिस म्हणत, हल्ली निओट्रिपिया या प्रजातीत घालतात. दिसायला कोळंबीसारखी असली तरी ती खऱ्या कोळंब्यांच्या गटातली नाही. ती खणते ते स्वतःसाठी. पोटाखालचे पसरट पाय हलवून ती बिळातून पाण्याचा प्रवाह खेळता ठेवते, तोही स्वतःच्या श्वासासाठी. त्या प्रवाहातून शेवाळाचे तुकडे, बारीकसारीक प्राणी आत येतात आणि गोबीचं पोट भरतं. त्याला आयतं घर मिळतं, ताजं पाणी मिळतं आणि जेवणही दारात येतं. कोळंबीला बदल्यात काय मिळतं? मजकुरातली ‘सोबत’ सोडली तर दाखवण्यासारखं काही नाही. ती त्याला धोक्याची सूचना देत नाही, कारण बिळाच्या आत तिलाही बघण्यासारखं काही नसतं आणि तिचे स्वतःचे डोळे इवलेसे असतात. जीवशास्त्रात याला सहभोजिता म्हणतात: एकाचा फायदा, दुसऱ्याचं फारसं बिघडत नाही. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. कोळंबीने पाहुण्याला हाकललं नाही, एवढ्यावर एका माशाचा अख्खा वंश उभा आहे, हे मला मैत्रीच्या कल्पित गोष्टीइतकंच थक्क करणारं वाटतं.

हे नातं नीट मांडलं जॉर्ज मॅकगिनिटी यांनी. कॅलिफोर्नियाच्या कोरोना डेल मार इथल्या केर्कहॉफ सागरी प्रयोगशाळेत ते काम करत. १९३९ साली त्यांनी या गोबीच्या जीवनक्रमावर निबंध लिहिला आणि आजही या माशाबद्दल जे सांगितलं जातं त्याचा बराचसा आधार तोच आहे. जन्मभराची साथ हा मजकुरातला धागा त्यांच्या नोंदींत सापडतो, फक्त तो मासा आणि कोळंबी यांच्यातला नाही. तो गोबी नर आणि गोबी मादी यांच्यातला आहे. एका बिळात माशांचं एक जोडपं राहतं. तिसरा गोबी आत आला की भांडण होतं, आणि ते कोण कोणाशी भांडतं ते ठरलेलं असतं: नर आला तर घरातला नर त्याच्यावर धावून जातो, मादी आली तर मादी. ही मारामारी जिवावरही बेतते. जोडीदार मधे पडत नाही. जो उरेल त्याच्यासोबत संसार पुढे चालू राहतो, मग तो जुना असो की नवा. माणसांच्या नात्यांचे दाखले द्यायला हे वागणं सोयीचं नाही. पण दोन आंधळे मासे काळोखात, न बघता, समोरचा नर आहे की मादी हे ओळखतात आणि त्यानुसार वागतात, ही क्षमता त्या दाखल्यांपेक्षा मोठी आहे.

राहिलं शेवटचं विधान, एक गेला की दुसरा जगत नाही. गोबी नसलेल्या बिळांतही घोस्ट श्रिम्प व्यवस्थित राहते, मासा गेल्याने तिचं काही अडत नाही. उलट दिशेने मात्र या विधानात तथ्याचा अंश आहे. गोबी स्वतः असं बीळ खणत नाही आणि खणलेलं बीळ टिकवणंही त्याच्या हातात नाही. भरतीच्या लाटांनी खडी सरकत असते, बिळाची डागडुजी रोज करावी लागते, आणि ती करणारी एकटी कोळंबी. ती नसेल तर प्रवाह थांबतो, खाणं थांबतं, भिंती ढासळू लागतात. त्यामुळे या माशाची काळजी वाटणाऱ्याने आधी घोस्ट श्रिम्पची आणि तिच्यावरच्या धोंड्यांची काळजी करायला हवी. ओहोटीला कुतूहलाने धोंडा उलटा करून तसाच टाकून दिला, की खालची खडी उघडी पडते, उन्हाने तापते, बिळाचं छप्पर जातं. धोंडा उचलून बघावा जरूर, पण हळूच, आणि होता तसाच, त्याच बाजूने, परत ठेवावा.